आमच्या जागेवरची टाकी

लातूरच्या माणसाला मोकळी जागा दाखवा, तो तिथं पाण्याची टाकी ठेवणार. हे मी रागानं बोलतेय, कबूल आहे. पण खोटं बोलत नाही. मी नांदेडची. आमच्याकडं गोदावरी आहे, अंगणात बादलीभर पाणी सांडलं तर कुणी वळूनसुद्धा बघत नाही. लग्न करून इथं आले ती नेमकी दुष्काळात, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी. अंगावरची हळद निघायच्या आधी मला हंड्यांची रांग कळली, आणि भांडी धुतलेलं पाणी फरशीला ठेवायचं असतं हेही तेव्हाच कळलं.

आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, एक लहानशी लिफ्ट असलेली. खाली नुसते खांब, आणि खांबांच्या मधली सगळी जागा गाड्यांसाठी. फ्लॅट घेताना बिल्डरनं आमच्या ह्यांना बोट करून दाखवलं होतं, ही तुमची जागा, गेटजवळची, मीटरच्या पेटीखालची. दुष्काळात त्या सगळ्या जागांवर एकेक काळी टाकी येऊन बसली. टँकर गेटपर्यंत यायचा, पाइप लावायचा, ज्यानं त्यानं आपली टाकी भरून घ्यायची आणि झाकणाला कुलूप घालायचं. त्या वर्षी लोकांनी सोनं उघडं ठेवलं असेल, पण पाणी कुलपात. पुढं पाऊस झाला, धरण भरलं, नळ सुरू झाले, आठवड्यातून एकदा का होईना. टाक्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. कुलपंही तशीच राहिली. पाणी पार्किंगमध्ये आणि गाड्या रस्त्यावर, अशी आमच्या बिल्डिंगची रीतच पडून गेली.

आम्ही स्वतःची टाकी घेतली नव्हती, आमच्या जागेवर मावशींची टाकी होती. मावशी पहिल्या मजल्यावरच्या, मूळच्या चाकूरकडच्या, लिंगायत घरातल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी हैदराबादला दिलेली. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग आणि त्याच दोऱ्यात टाकीची किल्ली. पूजेला आपल्याच टाकीतलं पाणी घेणार, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घोट घालणार नाहीत. दुष्काळात मी नवीन सून. टँकरच्या गर्दीत कुणी ढकललं की मला रडू फुटायचं. तेव्हा ह्या बाईनं ती किल्ली दोऱ्यातून सोडून माझ्या हातात दिली होती, दोन घागरी घे म्हणाल्या, बोलू नको कुठं. त्यानंतर मी त्यांना मावशी म्हणायला लागले. आमच्याकडं तेव्हा मोटारसायकल होती, ती रस्त्यावर राहायची. जागा आमची आणि टाकी त्यांची, त्यात कुणालाच काही वाटत नव्हतं.

मग ह्यांचा अपघात झाला.

हे क्लासमध्ये गणित शिकवायचे. लातूरचे क्लास सगळ्यांना माहीत आहेत. बिलोली, धर्माबाद, कुठून कुठून पोरं येतात, खोल्या करून राहतात, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर होऊनच जायचं म्हणून. ह्यांच्या तासाला जागा नसली तर पोरं दारात उभी राहायची. घरी हा माणूस मीठ कमी आहे एवढंसुद्धा सांगणार नाही, आणि फळ्यासमोर उभा राहिला की बघत राहावं. मी एकदा डबा द्यायला गेले आणि खिडकीतून बघितलं, तर हे मोठमोठ्यानं बोलून राहिले होते, एका पोराची टर उडवून राहिले होते, आणि सगळा वर्ग हसून राहिला होता. हा माणूस माझ्या घरातलाच का, असं मला वाटलं. तो माणूस अंबाजोगाई रोडवर एका ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला दिवा नव्हता. जीव वाचला, कमरेखालचं सगळं गेलं.

दवाखान्यातले महिने मी सांगत नाही. घरी आल्यावर जे सुरू झालं ते त्याहून वाईट होतं. दिवसभर भिंतीकडं तोंड. ताट वाढलं तर दोन घास. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून पडायचे. आम्हाला मूलबाळ नाही, घरात दोघंच, त्यातला एक बोलत नाही म्हटल्यावर भांडायलाही कुणी उरलं नाही. एकदा मला म्हणाले, तू नांदेडला जा, भावाकडं, तुझं वय काय आहे अजून. त्या दिवसापासून मी औषधांचा डबा माझ्या उशाखाली घेऊन झोपायला लागले. एवढ्यावरून समजा.

क्लासचे मालक घरी आले तेव्हा मला देव आल्यासारखं वाटलं. त्यांनी ह्यांना सांगितलं की वर्ग तळमजल्यावर घेतो, दारात उतार करून देतो, फळा खाली आणतो, तुम्ही खुर्चीतून शिकवा. फक्त या. हे नुसती मान हलवत होते. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. हा माणूस फळ्यासमोर गेला तर जगेल, नाहीतर माझ्या डोळ्यांदेखत संपेल. बाकी सगळं मी डोक्यातून काढून टाकलं.

रोज रिक्षात उचलून घालायचं आणि उचलून काढायचं, हे ह्यांना मरणापेक्षा जड. म्हणून मागं दोन चाकं लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. सगळं हातावर चालतं, पायाचं काम नाही. खुर्ची शेजारी लावायची आणि हातांच्या जोरावर सरकून बसायचं. दुकानदार म्हणाला, चार्जिंगचं काही टेन्शन नाही, मोबाइलसारखं घरच्या प्लगला लावायचं. अरे बाबा, मोबाइल तिसऱ्या मजल्यावर नेता येतो. ह्या गाडीची बॅटरी निघत नव्हती, आणि गाडी उभी करायला खाली जागा नव्हती. जागेवर टाकी होती.

मग मी बाल्कनीतून वायर सोडली. तीन मजले उतरून वायर खाली रस्त्यावर, तिच्या टोकाला बोर्ड, बोर्ड दगडावर, आणि वरून प्लास्टिकची पिशवी. सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात हरकत घेतली. लेकरं खेळतात, पाऊस येतो, कुणाला शॉक बसला तर जबाबदार कोण. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण बोलून झाल्यावर हे काढा म्हणायचं आणि निघून जायचं, पुढं काय करायचं ते कुणी सांगायचं नाही. येता-जाता कुणीही बोर्डाचं बटण बंद करून जायचं. सकाळी बघावं तर गाडी अर्धीच भरलेली.

तरी हे क्लासला जायला लागले होते. अशीच अर्धी भरलेली गाडी एकदा भर चौकात बंद पडली. ह्यांच्याच वर्गातल्या पोरांनी बघितलं, धावत आली, आणि गाडी ढकलत क्लासपर्यंत नेली. लई मायेनं नेली. मालकांनी मला फोन करून कौतुकानं सांगितलं. हे घरी आले ते सरळ पलंगावर गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, गाडीचा भरवसा नाही, आज राहू दे. तिसऱ्या दिवशीही राहिलं. मग रोजच राहायला लागलं आणि तोंड पुन्हा भिंतीकडं वळलं. मालकांनी धीर धरला होता, पण परीक्षा जवळ आल्या की वर्ग मोकळा ठेवता येत नाही, हे त्यांनी मला संकोचत सांगितलं. मी मनात ठरवून टाकलं की सगळं घोडं चार्जिंगपाशी अडलंय. गाडी रोज पूर्ण भरली की माणूस ताळ्यावर येईल.

तर मी मावशींकडं गेले. टाकी जिन्याच्या मागं सरकवू म्हटलं, माणसं मी लावते, ओटा मी बांधून देते. मीटर त्याच जागेच्या वर आहे, चार हात वायर लागेल, आमच्याच मीटरवर पॉइंट निघेल, कुणाला एक पैसा नको. मावशींनी मला बसवलं, चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं. जिन्यामागं त्यांची टाकी बसत नव्हती, ते मलाही माहीत होतं. लहान घ्या म्हटलं तर त्यांनी गळ्यातल्या किल्लीवर हात ठेवला.

"पाण्याला जागा लागती बाई. माणूस कुठंबी बसतंय."

"माझा माणूस बसूनच हाय मावशी," मी म्हटलं, "म्हणून तर आले."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण टाकी हलवते असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

सोसायटीची बैठक झाली. एकाची टाकी हलली तर उद्या दुसरा म्हणणार माझ्या जागेवर माझी गाडी, मग सगळ्यांचंच पाणी जाणार, असा सूर लागला. पुन्हा तसा दुष्काळ आला तर तुम्ही पाणी देणार का, असं मला विचारलं. कुणी सुचवलं की गाडी विकून एक रिक्षा बांधून टाका. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी तिथं भांडले, नको ते बोलले, आणि घरी येऊन रडले. हे भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, कशाला एवढं, राहू दे. ते राहू दे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सगळी आशा सोडलेल्या माणसाचं बोलणं आहे, असं मी समजत होते.

त्याच सुमारास भावानं नांदेडला नवीन फ्लॅट घेतला. शेजारच्या वहिनींना ह्यांच्याजवळ बसवून मी सकाळी वास्तुशांतीला गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. त्याच्या पार्किंगमध्ये पाय ठेवला आणि बघतच राहिले. प्रत्येक जागेला पांढरा पट्टा, आणि खांबांवर चार्जिंगचे पॉइंट. एकाही माणसाकडं इलेक्ट्रिक गाडी नव्हती. एका पॉइंटला कुणीतरी झाडू अडकवून ठेवला होता. भाऊ म्हणाला, नवीन नियमात हाय ते, त्याच्याशिवाय नकाशा पास होत न्हाई. मग नेहमीसारखी थट्टा केली, तुमच्या लातुरात अगोदर पाणी तर येऊ द्या, मग पॉइंट मागा. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी त्या झाडूकडं बघून रडायला लागले. भाऊ घाबरला. घरात पूजा चाललेली आणि मी खाली पार्किंगमध्ये हुंदके देतेय. ज्यांना गरज नाही त्यांच्या भिंतीला पॉइंट होते, आणि माझ्या घरी एक माणूस त्याच्यावाचून मरत होता.

पण नियम आहे हे कळलं. परत आल्यावर मी नकाशे पास करतात त्या ऑफिसात गेले. साहेब शांत होते, खुर्ची दिली, बोलू दिलं. मी बोलून थांबले तेव्हा त्यांनी समजावलं की चार्जिंगचा नियम नव्या बांधकामांना आहे, तुमची बिल्डिंग जुनी, तिला पॉइंट द्या असं मी म्हणू शकत नाही. मी म्हटलं, पॉइंट माझा मी बसवते, मला फक्त माझी जागा द्या. तर त्यांनी दुसरंच सांगितलं. खालची जागा तुमची नाहीच. बोट दाखवून कुणी दिली असेल, पण पार्किंग सगळ्यांची असते, एकट्याच्या मालकीची नसते.

"म्हणजे मला काहीच करता येत नाही?"

"येतं," साहेब म्हणाले. "पार्किंगमध्ये गाडीशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही, हा नियम जुन्या बिल्डिंगलाही आहे. पण एकाची टाकी काढता येत नाही. काढायच्या तर सगळ्या. अर्ज द्यायच्या आधी विचार करा ताई."

मी घरी आले आणि खरंच विचार केला. स्वयंपाक करताना केला, ह्यांना कूस बदलून देताना केला. मला एक टाकी दोन हात सरकवून हवी होती. कायदा म्हणत होता, सगळ्यांच्या तरी घे नाहीतर काहीच घेऊ नको. हा कसला न्याय? पण ह्यांच्या पाठीला जखम व्हायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, ह्यांना उठवा, बाहेर काढा, असं पडून राहिले तर माझ्याकडं औषध नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन अर्ज दिला आणि सही केली.

गेटवर नोटीस चिकटली. सही कुणाची ते सगळ्यांना कळलं, कळणारच होतं. जिन्यात लोक माझ्याशी बोलेनासे झाले. मावशींकडून अधूनमधून धपाटी यायची, ह्यांना आवडतात म्हणून, ती बंद झाली. त्या मला जिन्यात दिसल्या की मी खाली बघायचे. वाटायचं, त्यांनी मला धरून दोन थोबाडीत माराव्यात. त्यांनी साधं कानकोंडं वाटेल असंही काही बोलून दाखवलं नाही.

टाक्या काढायला माणसं येणार त्याच्या आदल्या दिवशी गेटात टँकर लागला. त्याच्या मागं दुसरा लागला. मला आधी कळेना हे काय चाललंय. मग सेक्रेटरींचं बोलणं कानावर आलं, आणि त्यांची अक्कल कळली. सगळ्या टाक्या काठोकाठ भरून घ्यायच्या. भरलेली टाकी कुणाला उचलत नाही, आणि पाणी जमिनीवर सोडून द्यायची हिंमत लातुरात कुणाच्या बापाची नाही. माणूस टाकीला हात लावेल पण पाण्याला लावणार नाही, असा सगळ्यांचा पक्का हिशेब होता.

आणि हिशेब बरोबर निघाला. टेम्पो आला, सात-आठ माणसं उतरली, त्यांच्या मुकादमानं एका टाकीवर थाप मारली. थाप बद्द वाजली. त्यानं दुसरीवर मारली, तिसरीवर मारली. मग सगळ्यांकडं बघून म्हणाला, रिकाम्या करा, आम्ही थांबतो. कुणी जागचं हललं नाही. मुकादमानं आपल्या माणसांना सांगितलं तर तीही एकमेकांकडं बघायला लागली. एक जण सरळ म्हणाला की टाकी फोड म्हणा, फोडतो, पण भरलं पाणी सोडायला मला सांगू नका, पाप लागतंय. सगळी लातूरची माणसं. त्यांच्या आयांनी त्यांना कडेवर घेऊन रांगा लावलेल्या. मुकादमानं साहेबांना फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलला. परत आला आणि माणसांना टेम्पोत चढा म्हणाला. पुन्हा येऊ म्हणाला, पण पुन्हा येणारा माणूस असा बोलत नाही.

मी वर बघितलं. मीच सकाळी ह्यांना खुर्चीत बसवून बाल्कनीत आणलं होतं, डोळ्यांनी बघू द्या म्हणून. दोन्ही हात गजांना धरून ते खाली बघत होते. किती दिवसांनी त्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. मला वाटलं, आता हा टेम्पो गेला की संपलं. हा माणूस पुन्हा भिंतीकडं वळणार आणि ह्या वेळी परत येणार नाही.

टाकी धुवायला तिच्या तळाशी एक बूच असतं. मी त्या माणसांच्या पिशवीतून पाना काढून घेतला. कुणाला काही समजायच्या आत मी मावशींच्या टाकीपाशी खाली बसले आणि बूच सैल केलं. आधी धार आली. मग पाण्याच्या जोरानं बूचच उडालं आणि मी छातीपर्यंत भिजले.

पाणी गेटातून बाहेर रस्त्यावर गेलं. रस्त्यावरून नालीत गेलं. पलीकडच्या गल्लीतल्या बाया बादल्या घेऊन पळत आल्या आणि वाकून वाकून भरायला लागल्या. आमच्या बिल्डिंगमधलं कुणी बादली घेऊन आलं नाही. सगळे नुसते उभे होते, मयताला उभे राहतात तसे. एवढी मोठी टाकी, रिकामी व्हायला वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ मावशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. पाणी संपलं तेव्हा त्या मला एवढंच म्हणाल्या,

"शेवटी नांदेडचीच तू."

आणि वर गेल्या. एकदा पाप झाल्यावर पुढच्यांना सोपं जातं. त्या माणसांनी बाकीच्या टाक्या सोडल्या, उलट्या केल्या, टेम्पोत भरल्या. संध्याकाळपर्यंत पार्किंग मोकळं झालं. इतकं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं.

इलेक्ट्रिशियननं आमच्या मीटरवरून पॉइंट काढून दिला. गाडी पहिल्यांदा आपल्या जागेवर उभी राहिली, वर छत, खाली कोरडी फरशी. वायर लावली आणि हिरवा दिवा लागला. मी क्लासच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, सोमवारी सकाळचा तास सरांचा, पण ह्या वेळी आले नाहीत तर मला दुसरा माणूस घ्यावाच लागेल, राग मानू नका. मी म्हटलं, येणार म्हणजे येणार.

सोमवारी मी ह्यांची दाढी केली, आंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट घातला. खिशाला पेन लावलं. ह्यांनी नाही म्हटलं नाही. लिफ्टनं खाली आलो. सगळ्यांची दारं बंद होती. खुर्ची गाडीशेजारी लावली, हे हातांच्या जोरावर सरकून गाडीवर बसले. मी पाय नीट ठेवून दिले, वायर काढली, किल्ली फिरवली. गाडीच्या पडद्यावर बॅटरीच्या सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या. मी बाजूला झाले.

गाडी हलली नाही.

मला वाटलं काहीतरी सैल राहिलं. मी पुढून बघितलं, मागून बघितलं, किल्ली बंद करून पुन्हा चालू केली. मावशी कळशी घेऊन खाली आल्या, आता त्यांना गल्लीतल्या नळावरून पाणी आणावं लागतं. आमच्या जवळून गेल्या, मान वळवली नाही. त्या गेटाबाहेर जाईपर्यंत हे त्यांच्या पाठीकडं बघत राहिले.

"गाडीला काही झालं नाही," ते म्हणाले.

मग मी त्यांच्या हाताकडं बघितलं. हात हँडलवर नुसता ठेवलेला होता, हँडल पिळलंच नव्हतं.

"मला जायचं नव्हतं गं. पोरांनी ढकलत नेलं ना, त्या दिवसापासून तर नाहीच. ती पोरं मला बघून हळू बोलायला लागली होती. बोर्डाचं बटण कुणी बंद केलेलं दिसलं की मला बरं वाटायचं. आज सुटलो, असं वाटायचं."

"मग बोलायचं होतं," मी म्हटलं. "एवढं सगळं होईपर्यंत बोलायचं होतं."

"तू माझ्यासाठीच भांडून राहिली होतीस, तुला काय सांगू? मला वाटलं, टाक्या काही हलत नाहीत. लातूर आहे हे. कितीही भांडली तरी हिला जागा मिळायची नाही, असं वाटलं. म्हणून राहू दे, राहू दे म्हणत होतो."

जन्मभर मला राग आयता येतो. त्या दिवशी आला नाही. मी त्या मोकळ्या पार्किंगमध्ये उभी होते, टाक्या काढलेल्या जागी फरशीवर गोल डाग होते. ते रडत होते, मोठ्यानं, लहान मुलासारखे, दवाखान्यातसुद्धा ते असे रडले नव्हते. मी त्यांना खाली घेतलं. खुर्चीत बसवलं. ते म्हणाले, वर चल, आणि मी त्यांना वर नेलं. शर्ट काढला, पेन टेबलावर ठेवलं, त्यांना पलंगावर घेतलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

तेवढ्यात क्लासच्या मालकांचा फोन आला. पोरं बसलीत, सर निघाले का, असं त्यांनी विचारलं. मी बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतलं. म्हटलं, नाही हो, गाडी चार्ज झाली नाही.